शेवटच्या गाडीतले जनरल

जनरल क्वाबेना असिआमा घानातल्या आपल्या गावी, असुबिरीला, आले होते ते नाही म्हणायला. सोमवारी पोचायचं, शुक्रवारची ओदविरा या वार्षिक सणाची मिरवणूक बघायची, संध्याकाळी गावच्या थोरांसमोर सभ्य शब्दांत नाही म्हणायचं आणि शनिवारी सकाळी आक्राच्या रस्त्याला लागायचं, असा साधा बेत होता. छत्तीस वर्षं सैन्याची रसद सांभाळलेल्या माणसाला पाच दिवसांचा बेत म्हणजे काहीच नाही. पण गावच्या चढावर गाडी लागल्यापासून त्या बेताचा एकेक स्क्रू ढिला होत गेला, आणि तो नेमका कुठे निसटला हे त्यांना अजूनही सांगता येत नाही.

नाही म्हणायचं होतं ते एका आसनाला. त्यांचे मामा, नाना ओफोसू, सात वर्षांपूर्वी वारले. ते राजाचे चिदोम, म्हणजे पिछाडीचे सरदार. लढायांच्या काळात फौजेच्या तोंडाशी एक सरदार, उजवीकडे एक, डावीकडे एक, मधे राजा आणि सगळ्यांच्या मागे चिदोम, असा क्रम असे. लढाया संपून शंभरावर वर्षं लोटली तरी मिरवणुकीतला क्रम तोच राहिला. मामाचं आसन भाच्याकडे जायचं. भाचे चार. एक हॅम्बुर्गला, एक टोरांटोला, तिसरा पाद्री झालेला. पूर्वजांसाठी जमिनीवर दारूचे चार थेंब ओतायचे म्हटलं तरी त्याला कापरं भरतं. उरला चौथा, आणि तो सात वर्षं "निवृत्त झालो की बघू" असं सांगत होता. आता निवृत्त होऊन आठ महिने झाले होते.

"या वर्षी उत्तर दिलं नाहीस तर जागा बंद," असं ताईनं त्यांना अंगणात पाऊल टाकल्या टाकल्या सांगितलं. ब्रेमपोमाताई त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी, घराण्यातली थोरली बाई. आसनावर कोणाला बसवायचं हे तिनं सुचवायचं, असा रिवाज. गुडघे गेलेले, काठी घेऊन चालायची, पण जीभ अगदी शाबूत. "राजवाड्यातून निरोप आलाय. शुक्रवारपर्यंत चिदोम मिळाला नाही तर पुढच्या वर्षापासून मिरवणुकीत आपल्या घराची जागाच नसेल. राजाच्या नोकरचाकरांत मिसळून चालायचं."

"ताई, मला जरा पाणी तरी पिऊ दे."

"पी. पाणी पिताना कान बंद होतात का तुझे?"

ते मुकाट्यानं पाणी प्याले. सोबत आलेला बुकारी पिकअपमधून सामान काढत होता. निवृत्त वॉरंट ऑफिसर, उत्तरेचा, तामालेचा माणूस. जनरलांकडे तीस वर्षं गाडी चालवली आणि दोघं निवृत्त झाले तरी चालवतच राहिला. जनरलांच्या बायकोनं, डेलानं, आक्रामधून निघतानाच सांगून टाकलं होतं, "तुझं तू ठरव. मला मात्र पालखीच्या मागून चालायला लावू नकोस." तिचं काही चुकलं नव्हतं. पालखीच्या मागे, ताफ्याच्या मागे, फोटोच्या मागे. जनरलांचा सगळा जन्म मागेच गेला होता, आणि म्हातारपणी पुन्हा कोणीतरी सन्मान म्हणून मागचीच जागा पुढे करत होतं. नाही म्हणायचं कारण एवढंच. पण हे कारण कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. सांगितलं असतं तर ताई हसली असती.

सैन्यात गेले तेव्हा त्यांना पायदळात जायचं होतं. कोणाला नसतं? कॅडेट असताना दोन दिवसांच्या पायपिटीचा सराव होता. दुसऱ्या दुपारी टेकडीवर पोचले तर जेवणाची गाडी आलेलीच नाही. बाकीचे झाडाखाली बसून शिव्या देत राहिले. असिआमा उठले, पाच मैल मागे चालत गेले आणि चिखलात रुतलेली गाडी शोधून, केंकेचे, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे, गोळे गोणीत भरून, त्याच ड्रायव्हरला सोबत घेऊन परत आले. त्यांना वाटलं, शाबासकी मिळेल. मिळालीही. शिक्षकांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं, आणि वर्षाअखेर यादी लागली तेव्हा पायदळात त्यांचं नाव नव्हतं. रसद आणि वाहतूक. वर्गमित्रांनी त्याच संध्याकाळी त्यांचं नाव गारी ठेवलं. गारी म्हणजे किसून, आंबवून भाजलेला कसावा. पाणी ओतलं की फुगतो, आणि घानात असा शिपाई नाही की असा विद्यार्थी नाही ज्यानं त्यावर महिना काढला नसेल. पुढे लेफ्टनंट गारी, मेजर गारी आणि अखेरीस जनरल गारी. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण पाठीमागे सगळे म्हणत, आणि ते तर कायम पाठीमागेच असत, त्यामुळे सगळं ऐकू यायचं.

लेबनॉनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीत ते लेफ्टनंट म्हणून गेले. डोंगरातल्या एका ठाण्यावर बर्फ पडलं, रस्ता अर्धा बंद, आणि अठरा ट्रक घेऊन निघायची आज्ञा आली. पहिली मोहीम. ते ऐटीत पहिल्या ट्रकमध्ये बसले. वेळेच्या आधी पंधरा मिनिटं पोचले. ठाण्याच्या कर्नलनं पाठ थोपटली, वर पत्र लिहिलं. आणि मग गाड्या मोजल्या तर सोळा.

शेवटचे दोन ट्रक एका वळणावर मागे राहिले होते. शोधायला दोन रात्री आणि मधला एक दिवस लागला. दोघं ड्रायव्हर एकाच केबिनमध्ये, एका ब्लँकेटमध्ये सापडले. गाडीत गारीची पोती ठासून भरलेली आणि प्यायला पाणी नाही. जवळच्या बर्फावर तेल सांडलेलं, म्हणजे तेही वितळवून पिण्याजोगं नाही. एकाची दोन बोटं गेली. दुसरा होता बुकारी, तेव्हा साधा शिपाई. लेफ्टनंट असिआमांना बघून तो एवढंच म्हणाला, "सर, पाणी आहे का?"

त्या खेपेसाठी त्यांना प्रशस्तिपत्र मिळालं. वेळेवर पोचल्याबद्दल. ते अजून घरी आहे, भिंतीवर नाही, कपाटात. त्यानंतर जनरल कधीही पहिल्या गाडीत बसले नाहीत. लायबेरियाच्या बंदरावर जहाज उतरवताना, सिएरा लिओनच्या लाल मातीच्या रस्त्यांवर, कुठेही ताफा निघाला की असिआमा शेवटच्या गाडीत. पुढे मोठ्या हुद्द्यावर गेल्यावर तर ते शोभतही नसे. बढत्या आपोआप येत गेल्या आणि दर बढतीला ते गोंधळात पडत: आपण असं काय केलं? कोणालाच आठवत नसे. ज्यांचं जेवण वेळेवर येतं ते जेवणाची आठवण ठेवत नाहीत. निवृत्तीच्या वेळी कार्यालयातल्या मुलीनं फोटोंचं पुस्तक करायला घेतलं, तर छत्तीस वर्षांत त्यांचा एकच फोटो निघाला, आणि त्यातही अर्धे ते ट्रकच्या फळीमागे होते.

आणि बुकारीनं त्या दोन रात्रींचा विषय आयुष्यात पुन्हा काढला नाही. तो आपल्याबरोबर का राहिला, हेही जनरलांना कधी कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

तर मंगळवारी राजवाड्याच्या चौकात मिरवणुकीची बैठक होती. गेल्या वर्षी चॅपलच्या वळणावर मिरवणूक चार तास अडकली होती, दोन छत्रं मोडली होती. कोणीतरी म्हणालं, घरात रसदीचे एवढे मोठे जनरल असताना आपण डोकं का शिणवायचं? जनरलांनी हा सन्मान मानला, आणि रात्रभर बसून तक्ता केला. रंगीत. राजाची पालखी लाल, सरदारांच्या पालख्या निळ्या, ढोलवाले पिवळे. ताफ्याचा पहिला नियम असा, की सगळ्यांत सावकाश गाडी सगळ्यांत पुढे ठेवायची, म्हणजे ताफा मधून तुटत नाही. सगळ्यांत जड आणि सावकाश काय? राजाची पालखी. म्हणून त्यांनी राजाची पालखी सगळ्यांच्या पुढे ठेवली.

राजाच्या वतीनं बोलणारे ओचामे अपेंतेंग तिथे होते. पंचाहत्तरीचे, सोन्याच्या मुठीची काठी आडवी मांडीवर घेतलेले. त्यांनी तक्ता बराच वेळ पाहिला, उलटा करून पाहिला, शेजारच्याला दाखवला.

"जनरल, कागद फार देखणा झालाय. रंगसुद्धा भरलेत."

"मग मान्य?"

"ऐकलं आम्ही," ओचामे म्हणाले. "सगळं ऐकलं."

चौकात बसलेले सगळे म्हणाले, ऐकलं, ऐकलं. जनरलांनी सगळ्यांशी हात मिळवले आणि हलक्या पावलांनी घरी आले. ताई यामचा कंद सोलत बसली होती.

"मान्य झालं," ते म्हणाले.

"काय मान्य झालं? हो म्हणाले?"

"ऐकलं म्हणाले."

ताईनं सुरी खाली ठेवली. "अरे, ऐकते तर मी कोंबडीचंसुद्धा. दाखव कागद." तिनं तक्ता डोळ्यांपासून लांब धरून पाहिला आणि तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो लिहून दाखवता यायचा नाही. "राजा पुढे? पुढे राजा जाऊन मैदानात बसणार आणि मागून त्याचे सरदार येणार? मग तो कोणाची वाट बघत बसेल, बकऱ्यांची? धाकटा आधी, थोरला नंतर, हे तुला मी शिकवायचं?"

"मग त्यांनी तिथेच का नाही सांगितलं?"

"जनरलला चारचौघांत चूक म्हणायचं? तोंडावर नाही म्हणणं इथे कोणाला जमत नाही. तुला जमतं म्हणतोस, तर सात वर्षं का नाही म्हणालास?"

बुधवारी सकाळी ते धावत ओचाम्यांकडे गेले, तक्ता परत द्या म्हणाले. ओचामे पायरीवर उन्हात बसले होते. "असू दे की," ते म्हणाले. "कागदाला काय खायला घालावं लागतं?" म्हणजे तक्ता रद्द की चालू? जनरलांनी सरळ विचारलं. ओचामे हसले आणि त्यांनी डेलाच्या तब्येतीची चौकशी केली.

जनरल घरी आले. सैन्यात हुकूम असतो किंवा नसतो. इथे हुकूम होताही आणि नव्हताही, आणि त्यात कोणाला काही वावगं दिसत नव्हतं.

पण सगळेच म्हातारे नव्हते. डाव्या बगलेच्या सरदाराचा भाचा आक्राच्या एका बँकेत मोठा साहेब होता. त्याला रंगीत तक्ता फारच आवडला. त्यानं त्याच्या चाळीस प्रती काढल्या आणि आपल्या माणसांना वाटल्या. हे जनरलांना कळलं ते शुक्रवारी सकाळी दहा वाजता, म्हणजे कळून उपयोग नव्हता तेव्हा.

मिरवणूक निघाली. पुढची माणसं जुन्या क्रमानं निघाली, लहान सरदार आधी. शिंगं वाजत होती, बंदुकांचे बार होत होते, छत्रं वरखाली नाचत होती. डाव्या बगलेची माणसं मात्र तक्त्याप्रमाणे थांबून राहिली, राजा पुढे जाण्याची वाट बघत. राजाची माणसं जुन्या क्रमाप्रमाणे थांबून राहिली, डाव्या बगलेची वाट बघत. अर्धा तास दोघंही एकमेकांना अदबीनं वाट देत उभे. मग राजाचे भोई कंटाळून निघाले, त्यांच्या मागून डावी बगल निघाली, आणि चॅपलच्या वळणावर राजाची पालखी अडली. तिच्या पाठीवर डाव्या बगलेची पालखी, आणि त्यांच्या मागे अख्खं गाव.

जनरल चॅपलच्या पायऱ्यांवर तक्ता हातात घेऊन उभे होते. त्यांनी शिट्टी वाजवली. कोणी मान वळवली नाही. पुन्हा वाजवली.

"जनरल, ती फुटबॉलच्या मैदानावर वाजवा!" एक छत्रवाला घाम पुसत ओरडला. "इथे बाजूला व्हा!"

ते बाजूला झाले. उजवीकडे जावं तर ढोल, डावीकडे बघावं तर शिंगं. एका बाईनं त्यांच्या हातातला तक्ता घेतला आणि त्यानं स्वतःला वारा घालू लागली. त्यांनी तो परत मागितलाही नाही. त्यांना खरोखर काही सुचत नव्हतं. शेकडो ट्रकांचे ताफे हलवलेला माणूस, आणि तीनशे पावलांच्या रस्त्यावर आपण कुठे उभं राहावं हे त्याला कळेना. तेवढ्यात राजाची पालखी एकदा डुलली. मग पुन्हा. वर बसलेल्या राजानं दोन्ही हातांनी कठडा धरला आणि सगळ्या रस्त्याचा श्वास एकदम अडकला. राजाची पालखी पडणं म्हणजे काय, हे असुबिरीत कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

"सर," बुकारी कानाशी म्हणाला, "आपण कुठे उभं राहायचं?"

"मला काय माहीत?"

"मग नेहमीच्या जागी जाऊ या."

ते मागे गेले. गर्दीच्या कडेनं, भिंतींना अंग घासत, पार शेवटापर्यंत. आणि तिथे त्यांना दिसलं ते असं, की शेवटच नव्हता. मामा असताना पिछाडीला त्यांची माणसं ओळ धरून चालत. आता तिथे शाळेचा बँड, पाण्याच्या पिशव्या विकणाऱ्या बाया, तीन मोटारसायकली आणि हॉर्न दाबून बसलेला एक ट्रोट्रो, म्हणजे वडापची मिनीबस, सगळे एकमेकांना पुढे रेटत होते. तो रेटा माणसामाणसांतून थेट राजाच्या पालखीपर्यंत पोचत होता. सात वर्षं तो तसाच पोचत होता. गेल्या वर्षीची छत्रं कशानं मोडली ते त्यांना आत्ता कळलं.

"पिकअप आडवी लाव," ते म्हणाले. "सगळी गल्ली बंद."

"आणि मी?"

"गाडीतच बस. कोणी आत येता कामा नये."

मग त्यांनी आपल्या घरच्या बायांना शोधलं. डोक्यावर यामच्या टोपल्या घेऊन त्या एका दुकानाच्या सावलीत उभ्या होत्या, मधे ब्रेमपोमाताई काठीवर रेलून.

"ताई, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओळ धर. मधे तू. तुझ्या चालीनं चालायचं. तुला ओलांडून कोणी पुढे जायचं नाही, तुझ्या मागे कोणी राहायचं नाही."

"माझ्या चालीनं उद्या पोचशील."

"चालेल."

ताईनं त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. काठी टेकली आणि चालू लागली.

बँड थांबला, मागचा रेटा थांबला. मधे डाव्या बगलेची पालखी राजाच्या पाठीला अजून चिकटलेली होतीच. जनरल घुसत घुसत बँकेच्या साहेबापर्यंत पोचले. त्याच्या हातात तक्ता होता.

"माझा कागद चुकला," जनरल म्हणाले. "तुमची माणसं डावीकडे घ्या."

त्या माणसाचा चेहरा असा झाला, की जणू कोणी भर रस्त्यात कपडे काढले. "जनरल, असं काय... कागद तर उत्तम..."

"चुकला. मी चुकलो. घ्या डावीकडे."

आजूबाजूचे चार-सहा लोक लाजून दुसरीकडे बघू लागले. पण माणसं डावीकडे सरकली, हातभर जागा झाली, आणि राजाची पालखी वळण घेऊन निघाली.

पुढचा तास जनरल मागे होते. ताईच्या काठीच्या ठेक्यावर रस्ता सरकत होता. एका ढोलवाल्याच्या खांद्याचा पट्टा तुटून तो ओट्यावर बसला होता. त्याला स्वतःचा पट्टा काढून दिला आणि पँट एका हातानं धरून चालत राहिले. एका म्हातारीची चप्पल तुटली होती, तिला ताईच्या शेजारी घेतलं. एक वयस्क बंदूकवाला आपली टोळी हरवून चक्क उलट दिशेनं निघाला होता. त्याला खांद्याला धरून वळवलं. "मी बरोबर चाललोय!" तो म्हणाला. "हो, पण गाव इकडे चाललंय," जनरल म्हणाले.

मैदानात पोचले तेव्हा सगळे सरदार आपापल्या जागी बसलेले होते. राजा मात्र उभा होता. जनरलांना वाटलं, काहीतरी बिनसलंय. ओचामे अपेंतेंग काठी घेऊन पुढे आले आणि जनरलांच्या डोक्यावरून कुठेतरी लांब बघत, मोठ्यानं, जुन्या चालीत त्यांनी विचारलं:

"मागे कोणी राहिलं का?"

हा प्रश्न दर वर्षी चिदोमला विचारायचा असतो. "कोणी नाही" असं त्यानं म्हणायचं आणि मग राजानं बसायचं. सात वर्षं तो हवेत विचारला जायचा आणि राजा थोडा वेळ थांबून तसाच बसायचा. जनरल लहान असताना मामांच्या तोंडून त्यांनी हे उत्तर दहा वेळा तरी ऐकलं असेल. पण त्या क्षणी ते आठवलं नाही. त्यांना एवढंच कळलं की कोणीतरी मोजणी मागतंय. ते वळले. ताई, टोपलीवाल्या बाया, ढोलवाला, म्हातारी, बंदूकवाला. त्यांनी बोटानं मोजलं आणि पुन्हा मोजलं.

"राहिलाय," ते म्हणाले. "एक जण."

ओचाम्यांची काठी हातात तशीच थबकली. त्यांच्या सगळ्या हयातीत असं उत्तर कोणी दिलं नव्हतं.

"कोण?" त्यांनी विचारलं, आणि आता त्यांचा आवाज जुन्या चालीतला नव्हता, नेहमीचा होता.

"बुकारी. चॅपलच्या मागे, गाडीत बसलाय. मीच बसवलाय." आणि कोणाची परवानगी न घेता जनरल, एका हातानं पँट धरून, आले त्या रस्त्यानं परत निघाले.

बुकारी पिकअपमध्ये बसून ट्रोट्रोच्या ड्रायव्हरशी भांडत होता. "चल," जनरल म्हणाले.

"कुठे सर?"

"मैदानात. राजा उभा आहे."

"मग मला कशाला? मी तामालेचा माणूस. तुमच्या पूर्वजांशी माझी ओळख ना देख."

"बुकारी, खाली उतर."

तो उतरला. दोघं चालू लागले. रस्ता रिकामा होता, पायाखाली कागद, तुटलेली पिसं, बंदुकीच्या दारूचा वास. अर्ध्या वाटेवर बुकारी म्हणाला, "या खेपेला लवकर आलात, सर." एवढंच. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. जनरलांना काहीतरी उत्तर द्यायचं होतं, पण पँट घसरत होती.

ते मैदानाच्या तोंडाशी आले तेव्हा राजा अजून उभाच होता, आणि आता बाकीचे सरदारही उठून उभे होते. हजारभर लोक एका उत्तरेच्या ड्रायव्हरची वाट बघत होते. बुकारीनं टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"मागे कोणी राहिलं का?" ओचाम्यांनी पुन्हा विचारलं.

"आता कोणी नाही," जनरल म्हणाले.

राजा बसला. ढोल एकदम सुरू झाले. कोणीतरी, बहुधा ताईनंच, जनरलांना घराण्याच्या छत्राखाली खेचलं. तिथे ते लाकडी आसन ठेवलेलं होतं, मामांचं, काळं पडलेलं. ते त्यावर बसले नाहीत, त्याच्या शेजारी उभे राहिले. काय झालं, कोणत्या क्रमानं झालं, यातलं त्यांना काही लावता येईना. संध्याकाळी नाही म्हणायचं होतं. ते वाक्यही तयार होतं: माझ्या प्रकृतीच्या कारणास्तव. ते त्यांनी मनात म्हणून पाहिलं, तर ते दुसऱ्याच कोणाच्या प्रकृतीबद्दल वाटलं.

आणि भूक लागली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं. सवयीनं हात खिशात गेला. प्रवासात त्यांच्या खिशात गारी आणि शेंगदाण्यांची पुडी कायम असते. त्यांनी पुडी उघडली, मूठ भरली, आणि हात तोंडाकडे निघाला.

कोणी काही बोललं नाही. पण शेजारचा सरदार एकदम आकाशाकडे बघू लागला. टोपलीवाल्या बायांना एकाएकी आपल्या टोपल्यांत काहीतरी सापडलं. ताईनं पाठ फिरवली. समोर ओचामे आपल्या काठीची मूठ अंगावरच्या वस्त्राच्या टोकानं पुसू लागले. ती आधीच लखलखीत होती. आसनावरचा माणूस चारचौघांत खात नाही, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. जनरल आसनावर बसलेले नव्हते. त्यांनी खाल्लं असतं तर कोणी एक शब्द बोललं नसतं, सगळ्यांनी पाहूनही न पाहिल्यासारखं केलं असतं, आणि संध्याकाळी ते तयार वाक्य म्हणायचीही गरज उरली नसती.

हात तोंडापाशी थांबला. गारीचे चार दाणे शर्टावर पडले. मंगळवारपासून आत्तापर्यंत या गावात लोक गप्प बसून काय बोलतात ते त्यांना एकदाही कळलं नव्हतं. आत्ता मात्र अगदी स्वच्छ कळलं, आणि कळल्यामुळेच गोंधळ आणखी वाढला.

त्यांनी मूठ परत पुडीत रिकामी केली. पुडीला घड्या घातल्या.

"बुकारी, सकाळपासून काही खाल्लंस?"

"नाही, सर."

"मग घे. आणि त्या ढोलवाल्यालाही दे. त्या म्हातारीलाही. पाणी आहे का बघ आधी. पाण्याशिवाय देऊ नकोस."

"आणि तुम्ही?"

"घरात गेल्यावर."

ओचाम्यांनी काठीची मूठ पुसणं थांबवलं. ते छत्राखाली आले आणि ताईला म्हणाले, "तुमच्या घराण्याचं उत्तर संध्याकाळी यायचं होतं."

"आलं की," ताई म्हणाली. "तुम्ही काय, काठी पुसत होतात?"

"ऐकलं," ओचामे म्हणाले, आणि या वेळी त्यांनी काठी जमिनीवर आपटली.

जनरल एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिले. "पण मी बोललो कधी?" त्यांनी विचारलं.

"पँट सांभाळ," ताई म्हणाली, "आणि बस आता. मघापासून तुझ्यासाठी मीपण उभीच आहे."